दहाजण जमत नाहीत तेव्हा: साथीच्या काळातला शब्बाथ, सण आणि सिनेगॉग

साथ आली की सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, समितीत पहिला वाद होतो तो दाराचा. उघडं ठेवायचं की बंद? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असायला हवा. आधी बघायचं ते घर. घराघरांत शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, नीट पाळला जाईल याची सोय झाली, की इमारतीबद्दलचा निर्णय डोकं शांत ठेवून घेता येतो. ती सोय नसेल तर लोक नियम मोडून गेटवर येतात, आणि त्यांना परत पाठवणं कुणालाच जमत नाही.

आपल्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंना, हे नवीन नाही. कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागल्यापासून आपले पूर्वज कित्येक शतकं सिनेगॉगशिवाय राहिले. समाजाचं पहिलं सिनेगॉग सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत बांधलं ते १७९६ साली. त्याआधी तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांकडे होतं ते एवढंच: शनिवारी घाणा बंद, सुंता, खाण्याचे नियम, शेमा ही श्रद्धेची प्रार्थना आणि घरातले सण. त्यामुळे ‘सिनेगॉग बंद म्हणजे धर्म बंद’ ही भीती आपल्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही.

खालचा क्रम पुण्यातल्या कुटुंबांसाठी आणि समितीसाठी आहे. लष्कर भागातलं (कॅम्पातलं) ओहेल डेव्हिड, म्हणजे डेव्हिड ससूनने सुरू केलेलं आणि १८६७ साली पुरं झालेलं आपलं लाल देऊळ, आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो, ही दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. हलाखाचा, म्हणजे धर्मनियमाचा, जिथे प्रश्न येईल तिथे शेवटचा शब्द आपल्या हजानचा (प्रार्थना चालवणाऱ्याचा) किंवा राब्बींचा (धर्मगुरूंचा).

पहिली पायरी: दहाजण नेमके कशाला लागतात ते लिहून काढा

मिन्यान म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. ते नसतील तर कद्दिश (मृतांसाठीही म्हणतात ती स्तुती), कदुशा आणि बारखू या सामूहिक प्रार्थना, आणि ब्राखांसह (आशीर्वचनांसह) सेफर तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीचं, जाहीर वाचन होत नाही. मुख्यतः एवढंच. शेमा, अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना), तेहिलिम (स्तोत्रं), किद्दुश (शब्बाथच्या पेल्यावरची प्रार्थना), हवदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी), बिर्कत हमाझोन (जेवणानंतरची प्रार्थना) हे सगळं माणूस एकट्याने करू शकतो आणि करायचंच असतं.

ही यादी एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक घरी पाठवा. प्रार्थना गळणार म्हणून घाबरलेल्या ज्येष्ठांना ती वाचून बराच दिलासा मिळतो. सोबत प्रार्थनेची वेळ द्या. जी वेळ सिनेगॉगची तीच घराची ठेवावी. समाज ज्या वेळी प्रार्थना करतो त्याच वेळी एकट्यानेही करावी असं शास्त्र सांगतंच.

तोराचा साप्ताहिक भाग, म्हणजे पाराशा, घरी वाचायचा जुना रिवाज आहे: मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा. हिब्रू अडखळत येत असेल तर मराठी बायबलमधून वाचा. घरात नातवंडं असतील तर त्यांना वाचायला लावा, आजोबांना चुका काढू द्या. शनिवारची सकाळ कशी जाते कळत नाही.

छापलेल्या कागदांवर देवाचं नाव असतं. ते घंटागाडीत जाता कामा नयेत. प्रत्येक घराने एक पिशवी बाजूला ठेवावी आणि साथ ओसरल्यावर सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जुने पवित्र कागद ठेवायच्या जागी, द्यावी. तिथून ते रीतसर पुरले जातात.

दुसरी पायरी: बंद करण्याचा अधिकार कुणाचा, हे आधीच ठरवा

जीव वाचवण्यापुढे शब्बाथही बाजूला सरतो. पिक्कुआख नेफेशचा हा नियम लेविय १८:५ वर उभा आहे: आज्ञा पाळून माणसाने जगावं, मरू नये. त्यामुळे आजाराच्या भीतीने घरी राहिलेल्या माणसाने अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. समितीने हे एकदा स्पष्ट, लेखी सांगावं. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या घरापर्यंत जाताना बदलतं.

१८३१ मध्ये कॉलरा पसरला तेव्हा पोझन शहरचे राब्बी अकिवा आयगर यांनी दिलेला सल्ला आजही जसाच्या तसा वापरता येतो. छोट्या जागेत गर्दी नको, साधारण पंधराजणांचा एक गट करावा, पहाटेपासून गटांच्या वेळा लावाव्यात, आणि जास्त लोक आत घुसू नयेत म्हणून दारावर पोलीस ठेवावा. राब्बीनेच पोलीस मागवला, हे आपल्याकडच्या ‘देवाच्या दारी कसली मोजणी’वाल्यांना आवर्जून सांगावं.

आता सरकारी बाजू. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या वेळी झाला आणि २०२० मध्येही त्याच कायद्याखाली आदेश निघाले. मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे पाडव्याला, उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला परत उघडली. तारखा हिंदू सणांच्या असल्या तरी आदेश सगळ्यांना सारखे होते. त्यामुळे समितीत एकाच माणसाकडे आदेश वाचायचं काम द्या. महापालिकेचा आदेश, कॅन्टोन्मेंटचा आदेश आणि पोलिसांचा आदेश हे तीन वेगळे कागद असू शकतात. पेठेत एक नियम आणि लष्करात दुसरा असंही होतं. ग्रुपवर फिरणारा फोटो म्हणजे आदेश नव्हे.

प्लेगच्या काळात रँडच्या माणसांनी पुण्यात घरात शिरून तपासण्या केल्या आणि लोक आजारी माणसं लपवू लागले. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिनने स्वतः बनवलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली होती. हाफकिन ज्यू होता, हे आपल्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. समितीने घ्यायचं ते इतकंच: आजार कळवणाऱ्या घराचं नाव गावभर होणार नाही याची हमी द्या. ती नसेल तर कुणी कळवणारच नाही.

तिसरी पायरी: घरचा शब्बाथ उभा करा

शुक्रवारची वेळ सूर्यास्तावर चालते. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे. पुण्यात जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराला होतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. एरवी सिनेगॉगमुळे वेळ आपोआप लक्षात राहते. घरी राहिलं की घसरते. म्हणून दर गुरुवारी समितीने नेमकी वेळ कळवावी. फोन उचलता न येणाऱ्यांच्या घरी महिन्याभराचा कागद दाराच्या आत चिकटवून द्यावा.

किद्दुशसाठी दुकानातली कोशेर (धर्मनियमाला चालणारी) वाइन मिळाली नाही तरी अडत नाही. आपल्याकडे काळ्या मनुकांचं सरबत पिढ्यान्‌पिढ्या चालतं. पाव किलो मनुका धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी एक उकळी आणून गार झाल्यावर हाताने चांगल्या कुस्कराव्यात आणि फडक्यातून गाळाव्यात. मनुका मऊ, रसाळ हव्यात. दाबल्यावर रस निघत नसेल तर त्या पाण्यावर द्राक्षरसाची ब्राखा म्हणता येत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडा निघतो. एरवी एकच पेला घरभर फिरतो. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर किद्दुश म्हणणाऱ्याने प्यायच्या आधीच प्रत्येकाच्या वाटीत थोडं थोडं ओतावं.

हात धुण्याबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. भाकरीआधीचं तांब्याने हातावर पाणी ओतणं म्हणजे साबणाने हात धुणं नाही. आधी साबण, मग विधी.

हवदालासाठी लवंग किंवा वेलची प्रत्येकाला वेगळी द्या, डबी फिरवू नका. आणि ज्याची वास घेण्याची जाणीव गेलीय, आणि २०२० नंतर असे किती निघाले, त्याने सुगंधाची ब्राखा म्हणायची नाही. दुसऱ्या कुणीतरी म्हणावी.

मांसाबद्दल थोडक्यात. शोहेत, म्हणजे नियमाप्रमाणे जनावर कापणारा, येऊ शकत नसेल तर कोशेर मटण-चिकन बंद, वाद नको. खवले आणि पर असलेले मासे, डाळ-भात, नारळाच्या दुधातली भाजी. आपल्या स्वयंपाकघराला हे जड नाही.

एकटे राहणारे ज्येष्ठ हा पुण्यातला खरा प्रश्न आहे. मुलं इस्रायलला, आई-वडील इथे. प्रत्येक तरुण कुटुंबाकडे दोन-तीन अशी घरं नावानिशी सोपवा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून सोडू नका, कारण आपल्या मावश्या-काका कधी सांगत नाहीत. शुक्रवारी दुपारी डबा, औषधं आणि भरलेली पाण्याची बाटली दाराशी, बेल वाजवून दोन पावलं मागे.

चौथी पायरी: फोन आणि पडदा कधी चालतो, कधी नाही

कामाच्या दिवसांत ऑनलाइन प्रार्थनेला अडचण नाही. एलुल महिन्यातल्या पहाटेच्या सेलिहोत (क्षमेच्या प्रार्थना), तेहिलिमचं वाचन, मुलांचा हिब्रू वर्ग, सगळं चालतं. पण शब्बाथ आणि सणाच्या दिवशी परंपरेने वीज चालू-बंद करत नाहीत, म्हणून शुक्रवारचं गाणं-बोलणं सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी संपवा, आणि हवदाला अंधार पडल्यावरच लावा.

पडद्यावर दहा चेहरे दिसले म्हणून मिन्यान होत नाही. दहाजण एका ठिकाणी लागतात. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह प्रवाहाने मार्च २०२० मध्ये आणीबाणीपुरती पडद्यावरच्या मिन्यानला वाट दिली, पण ती आपली रीत नव्हे. मात्र दुसरीकडे खरं मिन्यान भरलं असेल आणि ते थेट ऐकू येत असेल, तर घरून ‘आमेन’ म्हणायला अनेक राब्बी हरकत घेत नाहीत. तल्मूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात अलेक्झांड्रियाच्या सिनेगॉगचं वर्णन आहे: इतकं मोठं की मागच्यांना आवाज पोचत नसे, म्हणून निशाण हलवून आमेनची खूण करत.

इस्रायलशी बोलायच्या वेळा नीट समजून घ्या. घड्याळाचा फरक उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. आपला शब्बाथ आधी लागतो, त्यामुळे शुक्रवारी व्हिडिओ कॉल पुण्याच्या दिव्यांच्या वेळेआधी आटपायचा. शनिवारी उलट. आपली हवदाला झाली तरी तिकडे अजून शब्बाथ असतो. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे अकरा वाजेपर्यंत थांबावं लागतं, डिसेंबरात पावणेनवापर्यंत. आजी आठ वाजता फोन लावते, तिकडे कुणी उचलत नाही, आणि साथीच्या दिवसांत मग तिचा जीव टांगणीला लागतो. हा तक्ता फोनशेजारी लावून ठेवा.

पाचवी पायरी: छोटं मिन्यान भरवताना

परवानगी मिळाली तरी सगळ्यांना बोलावू नका. आधी बारा ते पंधराजणांचा एक गट, दर आठवड्याला तोच. दहा बोलावले आणि एकाला सकाळी शिंक आली की मिन्यान गेलं. म्हणून दोन-तीन जास्त. कद्दिश म्हणायचं असणाऱ्यांना पहिला हक्क. पैशावर, देणगीवर किंवा समितीतल्या पदावर जागा दिली की भांडण लागलंच म्हणून समजा.

नोंदवही शुक्रवारीच भरा. शब्बाथला लिहिता येत नाही, आणि गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला माणूस पाहिला की लोक नाव न देता आत जातात. शुक्रवारी दुपारपर्यंत येणाऱ्यांची नावं, आसन आणि फोन लिहून ठेवावेत. नावांची पुठ्ठ्याची कार्डं करावीत, आत येणाऱ्याने आपलं कार्ड पेटीत टाकावं. रविवारी पेटी उघडली की कोण आलं होतं ते कळतं. ताप घरीच शुक्रवारी मोजायचा. गेटवरचा पोलीस आणि पिशवी-ओळखपत्राची तपासणी आपल्याला सवयीची आहे. त्या रांगेत अंतराच्या खुणा आखून द्या, म्हणजे फुटपाथवर घोळका होणार नाही.

पंखे शुक्रवारीच चालू करून ठेवा, खिडक्या-दारं सताड उघडा, एसी नको. लाल देवळाचं छत उंच आहे आणि वर स्त्रियांचा सज्जा आहे, त्यामुळे पांगून बसायला जागा मिळते. एक विनंती: पुरुषांना जागा कमी पडते म्हणून सज्जा घेऊन बायकांना घरी बसवायचं, हा सोपा तोडगा पहिल्याच बैठकीत कुणीतरी सुचवतं. तो घेऊ नका. पाळ्या लावा.

आता स्पर्श. आपली हातबोशी, एकमेकांच्या बोटांना स्पर्श करून आपली बोटं ओठांशी नेणं, साथीत पूर्ण बंद. ज्येष्ठांना हे सर्वांत जड जातं, कारण प्रार्थना संपल्यावर वडीलधाऱ्यांपासून सुरू होणारा तो स्पर्श म्हणजे त्यांचा मान. त्याऐवजी काय करायचं ते हजानने आधी स्वतः करून दाखवावं: जागेवर उभं राहून हात छातीशी, ‘शब्बाथ शालोम’. कुणी सवयीने हात पुढे केला तर टोकू नका, आपण हात छातीशी न्या.

मेझुझाला, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या पवित्र लेखाच्या डबीला, हात लावून चुंबन घ्यायचं नाही, नजर पुरते. सेफर तोरा हेखालमधून (तिच्या कपाटातून) निघाल्यावर मधल्या वाटेने न फिरवता सरळ तेबावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) न्यावी. लोकांनी जागेवरूनच तल्लीतची (प्रार्थनेच्या शालीची) त्सित्सित, म्हणजे गोंडे, तिच्या दिशेने धरावी. आलियाला, म्हणजे वाचनाच्या मानाला, बोलावलेला आणि वाचणारा एकाच चर्मपत्रावर वाकतात, तो सगळ्यांत धोक्याचा क्षण. दोघांना मास्क, आणि जमल्यास एकाच घरातले बाप-लेक. आलिया घेणाऱ्याने लांब उभं राहून चालेल का, हे राब्बींना विचारावं.

सेफर तोरावर किंवा तिच्या वस्त्रावर सॅनिटायझर कधीही फवारू नका. अल्कोहोलने शाई जाते, चर्मपत्र आखडतं. कुणी बाधित हाताळली असेल तर ती काही दिवस बंद ठेवायची आणि दुसरी वापरायची. सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) प्रत्येकाने घरून आणावा, तल्लीतही. प्रार्थनेनंतरचा किद्दुश, चहा, मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) यांतलं काही आवारात नको. लोक प्रार्थनेत अंतर पाळतात आणि चहाच्या कपाशी विसरतात.

सहावी पायरी: सण एकेक करून

पेसाख, इजिप्तमधून सुटकेचा सण. २०२० मध्ये पहिला सेदेर (सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण) ८ एप्रिलच्या रात्री होता, देशभर टाळेबंदी होती आणि भवानी पेठेच्या बाजूचे भाग सील होते. त्यावरून एक शिकावं: मत्झा (बिनखमिराची भाकरी) पुरीमच्या, म्हणजे महिनाभर अगोदर येणाऱ्या सणाच्या, आधीच घराघरांत पोचवा. दोन सेदेरना तीन-तीन धरून सहा मत्झा ही प्रत्येक घराची किमान गरज. घरी करायची झाली तर पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून व्हायला हवी. हे अनुभवी माणसाशिवाय करू नये. भात आपल्या रिवाजात चालतो, त्यामुळे आठ दिवस निघतात. एकटा माणूस असेल तरी सेदेर करतो, आणि ‘मा निश्ताना’चे प्रश्न स्वतःलाच विचारतो, असं तल्मूद सांगतो. मराठी भाषांतरासह हगादा (सेदेरची पोथी) पुण्यातच १८७४ साली छापली गेली होती. घरात जुनी प्रत असेल तर पानं हाताळण्याऐवजी सणाआधी फोटो काढून छापून घ्या.

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, ज्यू नववर्ष. शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकणं म्हणजे फुप्फुसातली हवा जोरात बाहेर. तो मोकळ्या अंगणात, तोंड लोकांपासून दुसरीकडे, रुंद टोकाला मास्क बांधून वाजवावा. शंभर नाद नको, आवश्यक तीस पुरेत. घरी असलेल्यांसाठी शोफार वाजवणाऱ्याने सोसायट्यांच्या खाली जाऊन वाजवावा, गॅलरीतून ऐकला तरी चालतो. पहिला दिवस शब्बाथला आला, जसा १९ सप्टेंबर २०२० ला आला, तर त्या दिवशी शोफार नसतोच. चिकाचा हलवा घराघरांत द्यायचा तो बंद डब्यात, सणाच्या आदल्या दिवशी.

किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस. आपले पूर्वज हा दिवस पांढरे कपडे घालून, दार लावून, बाहेरच्या कुणाला न शिवता घरातच घालवत. दारफळणीचा सण म्हणत. तेव्हा घरी किप्पूर हा कमीपणा समजू नये. उपासाबद्दल मात्र ज्येष्ठ ऐकत नाहीत. बाधित, नुकताच बरा झालेला, मधुमेही किंवा गरोदर, कुणीही असो, डॉक्टर ‘खा’ म्हणाले तर खायचं. राब्बी साधारणपणे थोडं थोडं खायला सांगतात: एका वेळी ३० मिलिलिटरहून कमी अन्न, मध्ये काही मिनिटांचं अंतर. प्रमाण आणि अंतर आधीच लिहून घ्या, मापाचं झाकण ताटाशेजारी ठेवा. ऐन दुपारी हिशेब करत बसू नका.

मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि फळं. एलियाहू हनबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं घरच्यांनी म्हणावं, एका ताटातून हाताने देण्याऐवजी चमच्याने वेगळ्या द्रोणांत वाढावं. लग्न-बारशाचा मोठा मलिदा पुढे ढकलावा. सुंता आठव्या दिवशी, बाळ निरोगी असेल तर. फक्त मोहेल (सुंता करणारा), आई-वडील आणि बाळाला मांडीवर घेणारा एक माणूस.

सातवी पायरी: मृत्यू घरात आला तर

या बाबतीतला कागद आधीच तयार हवा, कारण त्या दिवशी कुणाला काही सुचत नाही. मार्च २०२० च्या केंद्रीय सूचनांत पार्थिवाला आंघोळ घालणं, चुंबन घेणं, मिठी मारणं मना होतं. लांबून ग्रंथवाचन चालत होतं. म्हणजे ताहारा, विधिवत स्नान, होऊ शकत नाही. अशा वेळी सीलबंद पिशवीवरच पांढरी वस्त्रं घालून दफन करतात, आणि जिवंतांच्या सुरक्षेसाठी हे मान्य आहे. ३० मार्च २०२० ला मुंबईत सर्व धर्मांच्या बाधितांचं दहन करण्याचं परिपत्रक निघालं आणि त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. आपल्याला दहन निषिद्ध. म्हणून दफनभूमीची कागदपत्रं, दोन संपर्क आणि एक पानाचं निवेदन समितीच्या फाइलमध्ये पहिल्यापासून ठेवा.

शिवाच्या, म्हणजे शोकाच्या, सात दिवसांत भेटीला जाऊ नका. पहिलं जेवण, उकडलेली अंडी आणि डाळ, शेजारच्या घराने दाराशी ठेवावं. फोनच्या वेळा वाटून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी चाळीस फोन आणि चौथ्या दिवशी एकही नाही. मिन्यान नसताना कद्दिश राहतो, तेव्हा मृताच्या नावाने मिश्नाचा (जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाचा) एक भाग वाचावा, दान काढावं. इस्रायलमधल्या नातलगाला तिथल्या मिन्यानमध्ये कद्दिश म्हणायला सांगता येतं.

शेवटची पायरी: पुन्हा पूर्ण उघडताना

निर्बंध उठले की एकदम सगळं सोडू नका. आधी संख्या वाढवा, मग चहा, सगळ्यांत शेवटी हातबोशी. कोणता नियम कधी संपला हे फळ्यावर तारखेसह लिहा, नाहीतर एका रांगेत मास्क आणि दुसऱ्या रांगेत गळाभेट असं दोन महिने चालतं. राहून गेलेल्या पाराशा पुन्हा वाचायच्या का, हा प्रश्न हजानकडे द्या.

गंभीर आजारातून उठलेल्याने म्हणायची गोमेलची (आभाराची) ब्राखा दहाजणांसमोरच होते, त्यामुळे बंदच्या काळात ती सगळ्यांचीच साचते. बरे झालेल्यांची यादी आधीपासून ठेवा, वयाने मोठ्यांना आधी आलिया द्या आणि एका शब्बाथला तिघा-चौघांहून जास्त नको. यादी लांबली तर सोमवार-गुरुवारच्या सकाळच्या वाचनातही ती उरकता येते.